तिसऱ्या रविवारची हरकत

अक्का,

तुला मातीत ठेवून आज नऊ दिवस झाले. येणारी-जाणारी माणसं थांबली, शेजारणींनी आणून दिलेल्या भाकरी संपल्या, आणि मी अजून तुझ्यावर रागावूनच बसले आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत. तू जिवंत असताना तरी मी कुणाचं ऐकलं होतं?

शाळेतून पंधरा दिवसांची रजा काढली आहे. पोरं लातूरला त्यांच्या बापाजवळ आहेत. मी इथं, तुझ्या दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत, तुझ्याच बाजेवर बसून हे लिहिते आहे. बाहेर गाव तुझं गुणगान करतंय. नर्सबाई देवमाणूस होत्या, नर्सबाईंनी अमक्याची सून वाचवली, तमक्याचं पोर वाचवलं. ते सगळं खरं आहे आणि मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला एका रविवारबद्दल बोलायचं आहे. दहा वर्षं आपण दोघी त्या रविवाराला वळसा घालून चाललो.

मी तुला जाऊ दिलं नाही. हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे. का जाऊ दिलं नाही, ते मात्र मी तुला कधी सांगितलं नाही, आणि तू विचारलं नाहीस.

तुझं आफ्रिकेचं ठरलं तेव्हा तू अठ्ठावीस वर्षांची होतीस आणि मी अठरा. तिकडं एका मोठ्या तळ्याच्या काठावर मिशनचा दवाखाना होता आणि त्यांना बाळंतपणं करणारी नर्स पाहिजे होती. वर्ष-दोन वर्षांसाठी नाही, जन्मासाठी. तिथून सुट्टीवर आलेल्या डॉक्टरबाईंनी रविवारच्या उपासनेला देवळात ते सांगितलं आणि तू घरी येऊन चुलीपुढं बसत म्हणालीस, "माय, मला पाचारण आलंय."

माय म्हणाली, "आलं म्हंजी? तार आली का?"

"तार न्हाई. मनात आलं."

"मनात तर माझ्या बी लई येतं. मी बसलेच ना हितं भाकरी थापत?"

बा मात्र उठून बाहेर गेला, लिंबाखाली बराच वेळ उभा राहिला, आणि आत येऊन एवढंच म्हणाला, "तिकडं ज्वारी होती का गं?"

मग तुझी तयारी सुरू झाली. आता आठवलं की हसू येतं. मिशनची पहिली अट अशी की, ज्या मुलखाची भाषा येत नाही तिथं सहा महिने एकटीनं राहून दाखवायचं. घरी यायचं नाही, पत्र महिन्याला एकच. तुला हिमायतनगरकडच्या एका लमाणी तांड्यावर धाडलं. ते सहा महिने मी कसे काढले हे तुला ठाऊक नाही, कारण महिन्याच्या पत्रात मी फक्त शेळी व्याली, बाचा दात दुखतो, असलंच लिहायची. तू परत आलीस ती काळीठिक्कर होऊन, हातावर गोंदलेल्या बायांची गाणी गुणगुणत, आणि दारातून आत येता येता मला म्हणालीस, "काय करून राहिली गं, कमे?" आम्ही सगळे हसून लोळलो. आपल्याकडं कोण बोलतं असं? बा तर पुढं महिनाभर मायला "काय रांधून राहिली?" असंच विचारायचा.

नंतर तू एकेक विद्या शिकायला लागलीस, कारण डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की तिकडं हाकेच्या अंतरावर कुणी नसतं. बत्ती उघडून साफ करायला शिकलीस. सायकलीचं पंक्चर काढायला शिकलीस. दात उपटायला शिकलीस, आणि त्यासाठी आपल्या बाचीच दाढ धरलीस. दुखत होती डावीकडची आणि तू उपटलीस तिच्या शेजारची. बा तोंडावर फडकं धरून म्हणाला, "राहू दे, राहू दे. दुसरी बी कधी तरी दुखलीच असती." केस कापायला शिकलीस ते माझ्या डोक्यावर. मी पंधरा दिवस डोक्यावरचा पदर काढला नव्हता, आणि वस्तीतल्या बाया विचारायच्या, पोरीची सोयरीक झाली का काय.

आणि ती तिकडची भाषा! डॉक्टरबाईंनी दिलेलं ते फाटकं पुस्तक घेऊन तू लिंबाखाली बसायचीस आणि शब्द मोठ्यानं घोकायचीस. दवा. किताबू. दुनिया. वकाती. सबुनी. बा बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होता. निजामाच्या वक्ताला उर्दूत चौथी शिकलेला माणूस तो. ताडकन उठून बसला. "अगं सुशे, ही तर आपलीच जबान हाय! दवा म्हंजी दवा, किताबू म्हंजी किताब, वकाती म्हंजी वखत. ही बोटीत बसून तिकडं गेली का काय?" त्या दिवसापासून तो तुझा मास्तर झाला. त्याला त्या भाषेचं ओ का ठो येत नव्हतं, तरी तुझ्या चुका काढायचा. "हतारी म्हंजी खतरा, ध्यानात ठेव, खतऱ्याचा शब्द आधी पाठ पाहिजे." बाचा तो आनंद मी पाहिला आहे. लेक दूर चालली हे त्याला कळत होतं, आणि तरी तो तिला वाटेची शिदोरी बांधून द्यावी तसे शब्द देत होता. मी तेव्हा शेजारी दाणे निवडत बसलेली असायची. मला एक शब्दसुद्धा शिकावासा वाटला नाही. मी ठरवून शिकले नाही.

मायचं दुःख वेगळंच. "पोर लांब द्यावी लागती, कबूल. पर पंचमीला मुराळी कुणाला धाडू मी? तळ्याकाठी?" सासरी गेलेल्या लेकीला सणाला आणायला माहेरचं माणूस जातं, आणि आपल्याला तर भाऊ नाही. बा म्हणायचा, "मीच जातो की मुराळी. जबान येतीय मला."

तशात पाऊस गेला. तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मी काय सांगणार, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. आडात पोरं उतरवायचे आणि ती पोरं तळातलं पाणी वाटी-वाटीनं घागरीत भरायची. रेशनचा मिलो यायचा, त्याची लाल भाकरी थापली की फाटायची, माय तिला शिव्या द्यायची आणि देवाची माफी मागायची. अर्धा गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. तू औषधाची पेटी घेऊन रोज तिथं जायचीस. हातोडीखाली आलेली बोटं बांधायचीस, उन्हानं आलेल्या चकरा, पोरांचे जुलाब. एका बाईचं बाळंतपण तू खडीच्या ढिगाआड चार लुगडी आडवी धरून केलंस. ती पोरगी तुझ्या मातीला आली होती, दोन वेण्या घालून.

दुष्काळ चालू होता आणि तुझे कागदही चालू होते. तेव्हा लातूर म्हणजे एक तालुक्याचं गाव, कागद म्हटला की जिल्ह्याला, उस्मानाबादला जा. तू आणि बा भाकरी बांधून एसटीनं जायचात आणि कधी कागद मिळायचा, कधी नुसताच शिक्का. शेवटी सगळं जमलं. उन्हाळा संपता संपता निघायचं ठरलं.

आता तो रविवार.

पाळकसाहेबांपुढं पेच पडला होता. मंडळीतून आजवर कुणी समुद्रापार सेवेला गेलेलं नाही, मग अशा माणसाची पाठवणी करायची कशी? बाप्तिस्म्याचा विधी आहे, लग्नाचा आहे, मातीचा आहे, याचा कुठाय? त्यांनी आठवडाभर विचार केला आणि एक अजब तोडगा काढला. आपल्यात लग्न ठरलं की तीन रविवार देवळात दोघांची नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून विचारतात. पाळकसाहेब म्हणाले, "ही बी एक सोयरीकच हाय. आपण पुकार करू." वस्तीला ते एवढं पटलं की बायांनी तुझं लग्नच मांडलं. तुला काकणं आणली. पितळेचा तांब्या आणला आणि त्यावर नाव घालून घेतलं, 'सुशीला, मुक्काम आफ्रिका'. लाजेनं तू लाल झालीस. पहिल्या रविवारी पुकार झाली, लोक हसले. दुसऱ्या रविवारी झाली, मायनं डोळे पुसले. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि तेच शब्द वाचले. आपली बहीण सुशीला ही दूरच्या देशी प्रभूच्या सेवेस जात आहे, यात कोणाची काही हरकत असल्यास त्यानं आत्ता सांगावं, नाहीतर यापुढं मुकाट राहावं.

आणि मी उभी राहिले.

अक्का, देवाशपथ सांगते, मी ठरवून आले नव्हते. माझे गुडघे आपोआप सरळ झाले. आधी कुणाला कळलंच नाही, लोकांना वाटलं पोरगी पाणी प्यायला उठली. मग मी म्हणाले, "माझी हरकत हाय."

पाळकसाहेबांच्या उभ्या जन्मात पुकारीला कुणी हरकत घेतली नव्हती. लग्नात घेतली नाही, यात कोण घेणार? ते पुस्तकाची पानं चाळायला लागले, जणू हरकतीचं उत्तर तिथं छापलं आहे. शेवटी म्हणाले, "काय हरकत हाय, बाळ?"

तेव्हा मी जे बोलले ते वस्तीला अजून तोंडपाठ आहे. मी म्हणाले, "हितं बाया घोटभर पाण्यासाठी तीन कोस चालत्यात. हितं खडीवर बाया बाळंत होत्यात. गावात डॉक्टर न्हाई, दवा न्हाई, हाय ती एक नर्स. तिला बी आपण गाजावाजा करून समुद्रापार धाडणार. तिकडची माणसं देवाची, मग आपण कुणाची?"

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "खरं बोलली पोरगी." दुसरी म्हणाली, "आमच्या मनातलंच बोलली." आणि मग सगळेच बोलायला लागले.

तू पुढच्या सतरंजीवर बसली होतीस. तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस. रागानं नव्हे. आजारी माणसाचं नेमकं कुठं दुखतं हे बघताना तू जशी बघायचीस, तसं. मी नजर चुकवली.

घरी आल्यावर तू चूल पेटवलीस. मी दारात उभी. मला वाटलं आता मारशील, आता रडशील. तू परातीत पीठ घेतलंस आणि म्हणालीस, "कमे, मीठ दे." एवढंच. अक्का, तू त्या दिवशी मला एक थोबाडीत मारली असतीस ना, तर मी खरं बोलले असते. तू मीठ मागितलंस आणि मी मीठ दिलं.

मंडळीच्या पंचांनी ठराव केला, दुष्काळ सरेपर्यंत सुशीलानं इथंच राहावं. मिशनलाही ते पटलं, का नाही पटणार? इतकं बिनतोड कारण होतं. तुझा तेवढा चेहरा उतरला, बाकी सगळ्यांना सोय झाली. मला तर लोकांनी डोक्यावर घेतलं. पाळकसाहेब मायला म्हणाले, धाकटीत संदेष्ट्यांचा गुण आहे. मी ते ऐकलं आणि गप्प राहिले. हेच माझं पाप आहे, उभी राहिले ते नव्हे.

कारण मला बायांचं काही पडलेलं नव्हतं, अक्का. मला पाण्याचं, खडीचं, कशाचंच पडलेलं नव्हतं. माय रोज कामाला जायची तेव्हा मला तू वाढवलंस. मला पाटीवर अक्षर तू शिकवलंस, माझ्या डोक्यातल्या उवा तू काढल्यास, मला ताप आला की तुझ्या पदराचं टोक मुठीत धरून मी झोपायची, अठरा वर्षांची घोडी झाले तरी. तू हिमायतनगरला होतीस तेव्हा मी तुझं जुनं लुगडं पांघरायची आणि मायला सांगायची, थंडी वाजते. भर उन्हाळ्यात. तू कायमची गेलीस तर मी काय करू, एवढा एकच विचार त्या दिवशी माझ्या डोक्यात होता. आणि हेही सांगून टाकते, थोडा जळफळाटही होता. सगळी वस्ती तुझ्याभोवती, काकणं तुला, तांब्या तुला, बाची भाषा तुला. मला कुणी विचारत नव्हतं की, कमल, तुझं काय होणार.

हे असं देवळात कसं सांगायचं? म्हणून मी दुष्काळाला पुढं केलं. तो होताच दाराशी उभा.

पुढचं तुला माहीतच आहे, पण मला एकदा माझ्या तोंडानं म्हणू दे. पाऊस पडला. दुष्काळ सरला. तुझे कागद पुन्हा हलायला लागले तोवर बा गेला, झोपेतल्या झोपेत. मग मायला लकवा झाला. आणि ज्या पोरीनं "मंडळीला सोडून जाऊ नको" म्हणून भर देवळात उभं राहून सांगितलं होतं, ती पोरगी डी.एड. झाली, लग्न करून लातूरला निघून गेली. मायचं अंथरूण, मायची कूस बदलणं, मायचं हागणं-मुतणं, सगळं तुझ्या गळ्यात टाकून. मी पंचमीला आणि नाताळाला यायची, पेढे घेऊन. माय त्या 'मुक्काम आफ्रिका' तांब्यातनं पाणी प्यायची. तू तिच्या तोंडाला तो लावायचीस आणि मी खिडकीबाहेर बघायची.

आपण भांडलो नाही असं नाही. भांडलो की, दरवर्षी. पण भांडण कशावर? तू म्हणायचीस, "देवाला तालुका-जिल्हा कळतो का गं? तिकडं दवा न्हाई म्हणून बाई मेली तर ती कमी मरती का?" मी म्हणायची, "मग हितली मेली तर?" तू म्हणायचीस, "हितं तू हायस की बोलायला. तिच्यासाठी कोण बोलतंय?" मी म्हणायची, "तुलाच का बोलावतंय गं सारखं? मला कसं कुणी बोलावत न्हाई? मला बोलावतंय ते दळण आणायला." मग तू हसायचीस आणि विषय जिथल्या तिथं. मी दर वेळी जिंकायची. माझं कारणच तसं होतं, त्याला उत्तर नव्हतं. खोट्या कारणाचं एक बरं असतं, ते घासून-पुसून तयार ठेवता येतं.

गेल्या वर्षी लातूर जिल्हा झाला. काय तो गुलाल, काय ते फटाके! माय जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. तू मुद्दाम जीपनं आलीस मिरवणूक बघायला, माझ्या धाकट्याला कडेवर घेतलंस, दोघांच्या केसांत गुलाल. माझा नवरा म्हणत होता आता मोठा दवाखाना होणार, आता डॉक्टर येणार, गावागावांत सरकारी नर्सा येणार. तू ऐकत होतीस. बँडच्या आवाजात तू माझ्या कानाशी वाकून म्हणालीस, "कमे, आता जिल्हा झाला. आता तरी हरकत मागं घेतीस का?"

मी काय म्हणाले आठवतं? मी म्हणाले, "चाळिशी आली की गं तुझी. आता त्या काळ्या लोकांना काय म्हातारी नर्स धाडायची?" आणि हसले. तूही हसलीस. पोराला दुसऱ्या कडेवर घेतलंस आणि म्हणालीस, "ते बी खरंच." मला वाटलं, गंमत करते आहे. मला तसंच वाटायला पाहिजे होतं.

आणि आता हा आषाढ. तुझे डोळे पिवळे झालेले गावातल्या न्हाव्याला दिसले, तुला दिसले नाहीत? शंभर जणांची कावीळ ओळखलीस तू! म्हणे साथ चालू होती, म्हणे सवड नव्हती. मला निरोप आला तेव्हा तू माणसं ओळखेनाशी झाली होतीस. मी पोचले, तुझा हात धरला. तू काहीतरी बोलत होतीस आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. शेजारीण म्हणाली, वातात बरळतायत. मीही तसंच धरलं. मग त्यात एकदा स्वच्छ ऐकू आलं, "वकाती". आणि मला कळलं की तू बाच्या त्या भाषेत बोलते आहेस. दहा वर्षांनी तुला ती सलग बोलता येत होती. शेवटच्या दिवशी तू माझ्याशी बोललीस आणि मला ती येत नव्हती, कारण मी ती ठरवून शिकले नव्हते. तू काय सांगत होतीस, अक्का? तू मला ओळखलंस का? मी हे कुणाला विचारू?

मी मनाशी म्हटलं, ती भाषा तापात वर आली असेल, जुन्या आठवणीसारखी. परवापर्यंत तसंच म्हणत होते.

परवा पाळकसाहेब आले. आता निवृत्त झालेत, काठी टेकत येतात. बाजेवर बसले, चहा घेतला, प्रार्थना केली. उठायच्या वेळी म्हणाले, "कमल, एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. सुशीलानं लपवायला लावली." आणि सांगितलं. यंदा चैत्रात तू त्यांच्याकडं गेली होतीस, शिफारशीचं पत्र मागायला. त्याच तळ्याकाठच्या दवाखान्यानं तुला बोलावलं होतं. चाळिशीच्या नर्सला. तुझा कागद झाला होता, आता जिल्हा जवळ आल्यानं लातूरलाच झाला, माझ्या शाळेपासून दोन गल्ल्यांवर. टोचून घेतलंस. ती भाषा तू दहा वर्षांत एक दिवस सोडली नव्हतीस, हे त्यांना माहीत होतं, खडीवर पैदा झालेल्या पोरीला माहीत होतं, ती तुझे शब्द पाठ घ्यायला यायची. मला माहीत नव्हतं. दिवाळीनंतर निघणार होतीस. "कमलला पंचमीला सांगते," म्हणालीस, "ती माहेरी येईल तवा."

माझं माहेर म्हणजे तूच होतीस, आणि पंचमी अजून चार दिवसांवर आहे.

मी विचारलं, "अजून काय म्हणाली ती?" पाळकसाहेब सांगायला तयार नव्हते. मी त्यांची काठी धरून ठेवली, खरंच धरून ठेवली, सोडेना. तेव्हा म्हणाले, "म्हणाली, ह्या टायमाला पुकार नको, पाळकसाहेब."

तेव्हापासून हा राग आहे. आधी वाटलं तुझ्यावर आहे. सख्ख्या बहिणीला चोरून निघालीस? एवढी भ्यालीस मला? साप, विंचू, देवी, पटकी, कशाला भ्याली नाहीस, आणि मला भ्यालीस? दोन दिवस मी तुझी भांडी आपटली, तुझ्या चादरी धोपटल्या, तुझ्या नावानं बोटं मोडली. आज सकाळी मोडायला बोटं उरली नाहीत, तेव्हा बसून रडले. शेजारीण आली आणि तुझी आपटलेली भांडी उचलून जागेवर लावत बसली.

तुला वाटलं असेल, मी पुन्हा उभी राहीन. बरोबर वाटलं तुला. खोटं कशाला बोलू, तुझ्यावरची माती अजून ओली आहे. पुकार झाली असती तर मी आजही उभी राहिले असते. दोन लेकरांची आई, शाळेची बाई, तिशीला टेकलेली, तरी उभी राहिले असते. पण ह्या वेळी मी दुष्काळाचं नाव घेतलं नसतं. म्हटलं असतं, पाळकसाहेब, ती माझी अक्का हाय, मला तिच्याबिगर करमत न्हाई, एवढीच हरकत हाय. सगळं देऊळ हसलं असतं. पाळकसाहेब म्हणाले असते, बस बाळ, खाली बस. तू मागं वळून बघितलं असतंस आणि तूही हसली असतीस, आणि मग तू गेली असतीस.